वाशीचा पूल: मुंबईचं कोठार खाडीपलीकडे

अंकाचा विषय 'पूल' ठरला तेव्हा ओळखीच्या बहुतेकांनी अटल सेतू सुचवला. नवा आहे, लांब आहे, फोटो झकास येतात. मी वाशीचा पूल म्हणालो की 'त्यात काय लिहिणार?' हे समोरच्याच्या तोंडावर उमटायचं. तसं त्यांचंही बरोबर आहे. या पुलाला ना उंच मनोरे, ना ताणलेल्या तारा. मानखुर्द मागे पडलं की दोन्ही अंगांना खारफुटी लागते, मग खाडीचं मातकट पाणी, शेजारच्या पुलावरून धडधडत जाणारी हार्बरची लोकल, आणि रेडिओवरचं गाणं संपायच्या आत वाशी. सगळा मामला १८३७ मीटरचा.

बोलताना आपण 'वाशीचा पूल' असं एकवचनात बोलतो. खाडीत मात्र एकाशेजारी एक असे बरेच उभे आहेत. पहिला १९७३चा. त्यानंतर रेल्वेचा, जो १९९२ मध्ये सुरू झाला. १९९७ मध्ये दुसरा रस्ता पूल आला आणि अगदी अलीकडे तिसऱ्या पुलाच्या दोन भुजा. पन्नास वर्षांत एकाच जागी पुन्हा पुन्हा पूल बांधावे लागले, यातच या जागेचं महत्त्व आलं. मुंबईत दुपारी ताटात पडणारी मेथी, पोह्यांवरचा कांदा, फोडणीतली मोहरी यातलं बरंच काही या पुलावरून आलेलं असतं. मला पाहायचं होतं ते हे: रस्ता जोडून झाल्यावर पूल आणखी काय काय करतो, कुणाला कुठे नेऊन बसवतो.

मध्यरात्रीनंतरचा बाजार

पूल ओलांडल्यावर तुर्भ्याला जो घाऊक भाजीपाला बाजार लागतो, बोलण्यातला 'वाशीचा बाजार', तिथे मध्यरात्र उलटली की दिवस सुरू होतो. नाशिककडची कोथिंबीर-मेथी, नारायणगाव-संगमनेरचा टोमॅटो, पुणे-साताऱ्याकडचा फ्लॉवर आणि कोबी, हंगाम असेल तसा परराज्यांतला मटार. भरलेला ट्रक उलटा घेऊन गाळ्याच्या धक्क्याला लावणं हे एक कसबच आहे. क्लीनर मागे उभा राहून पत्र्यावर थापा मारत 'येऊ दे, येऊ दे' करतो. शेवटची थाप जोरात पडते आणि गाडी जागच्या जागी थांबते. फाळका खाली येईस्तोवर माथाडी हमालांची टोळी हजर. टोमॅटोचे कॅरेट हातोहात खाली येतात, मटाराच्या गोणी पाठीवरून जातात. ओल्या पाल्याचा वास, डिझेलचा धूर आणि पायाखाली चिरडलेली कोबीची पानं.

पालेभाजीचा व्यवहार इथे शेकड्यावर होतो. चेंबूरकडच्या मंडईत बसणारे एक काका कोथिंबिरीच्या ढिगापाशी उभे होते. वरच्या जुड्यांकडे त्यांनी पाहिलंही नाही. ढिगाच्या मधोमध हात घालून एक जुडी ओढली, उलटी करून देठं पाहिली, हलवली. त्यातून पाणी उडालं तसं मान हलवून पुढच्या गाळ्याकडे निघाले. पाणी मारून टवटवीत केलेली कोथिंबीर पुलापलीकडे पोचेपर्यंत काळी पडते, हे मी विचारल्यावर त्यांनी चालता चालता सांगितलं.

मला सगळ्यात रस होता तो या नंतरच्या टप्प्यात. खरेदी झालेला माल एका छोट्या टेम्पोत चढतो. टेम्पो एकाचा नसतो. चार-पाच किरकोळ विक्रेत्यांचा माल एकत्र, भाडं नगावर. कुणाची गोण कुठली हे ओळखायला खुणा असतात: एकाची लाल चिंधी, दुसऱ्याची निळी सुतळी, तिसऱ्याने गोणीच्या तोंडाशी वर्तमानपत्र खोचलेलं. ज्याचं दुकान शेवटी त्याचा माल सगळ्यात आत, पहिला उतरणारा दाराशी. ड्रायव्हरच्या डोक्यात सगळा नकाशा असतो, कुर्ला आधी की सायन, कोण पैसे लगेच देतो आणि कोणाचा हिशेब शनिवारी. पहाटे साडेचार-पाचच्या सुमाराला अशा गाड्यांची रांग पुलाकडे वळते. दुपारपर्यंत त्याच गाड्या रिकामे कॅरेट घेऊन परत येतात.

इथेच पुलाचं खरं काम कळतं. नाशिकहून निघालेला दहाचाकी ट्रक दादरच्या गल्लीत शिरू शकत नाही. शहरात अवजड गाड्यांना वेळेची बंधनं आहेत, आणि ती नसती तरी वळायला जागा कुठे आहे? मग मोठी गाडी खाडीच्या अलीकडे रिकामी होते आणि तोच माल बारीक होऊन पलीकडे जातो. पूल एका परीने चाळणीचं काम करतो. एवढ्या एका कामावर गाळेवाल्यांपासून माथाड्यांपर्यंत, टेम्पोवाल्यांपासून बाजाराबाहेरच्या चहाच्या टपऱ्यांपर्यंत हजारो घरं चालतात.

आता हे सगळं पूर्वीसारखं घट्ट राहिलेलं नाही. २०१६च्या जुलैमध्ये राज्य सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला. तेव्हापासून काही गाड्या वाशीला न थांबता थेट शहरात जातात, मोठी दुकानं आपापल्या गोदामात माल उतरवून घेतात. भाजीपाल्याचे आडते याबद्दल बोलायला लागले की थांबत नाहीत. मात्र एखाद्या गाडीत काय येणार, किती येणार, त्याला आज भाव काय, हे अजूनही मुंबईला कळतं ते इथूनच. दादरला पुलाखाली बसणारा भाजीवाला थेट आलेल्या गाडीतून माल घेतानासुद्धा फोन करतो तो वाशीला.

मशीद बंदरहून तुर्भ्याला

ज्यांनी सत्तर सालाच्या आसपासचं मशीद बंदर पाहिलंय त्यांना आजच्या वाहतूक कोंडीचं काही वाटू नये. कांदा-बटाटा मशीद बंदरला, धान्य दाणा बंदरला, फळं क्रॉफर्ड मार्केटला, भाजी भायखळ्याला. घाऊक बाजार सगळा बेटाच्या दक्षिण टोकाकडे आणि माल येणार उत्तरेकडून आणि पूर्वेकडून. म्हणजे शहराला लागणारा प्रत्येक कांदा आधी अख्खं शहर ओलांडून खाली जायचा आणि मग विकला जाऊन पुन्हा वर यायचा. पुण्याकडून रस्त्याने येणाऱ्या गाडीला ठाण्याचा वळसा चुकायचा नाही.

१९७३च्या पुलाने हा वळसा संपवला आणि बाजार हलवायला जागाही दाखवली. बाजार समितीची स्थापना १९७७ची. १९८१ मध्ये कांदा-बटाटा बाजार खाडीपलीकडे आला. मसाला आणि धान्य त्यानंतर, आणि फळं-भाजीपाला तर १९९६ मध्ये. एवढा वेळ का लागला? व्यापारी म्हणत, गिऱ्हाईक येणार नाही. ते अगदीच खोटं नव्हतं. घाऊक धंदा मालावर जितका चालतो तितकाच पायी फिरण्यावर. सकाळी दहा मिनिटांत चार पेढ्यांवर भाव विचारून यायचा, उधारी वसूल करायची, वाटेत एखाद्या सोयरिकीचंही जमवायचं. पिढ्यान्‌पिढ्यांची ही वीण खाडीपलीकडच्या दलदलीत नव्याने कशी विणायची, ही धास्ती होती. कांदा-बटाटावाले आधी गेले, बहुधा त्यांच्या मालाला जागा भरपूर लागते आणि त्यावर सुटणारं मार्जिन कमी म्हणून.

व्यापाऱ्यांबद्दल बरंच लिहिलं गेलं. हमालांचा प्रश्न निराळा होता. सातारा, सांगली, जुन्नर, आंबेगाव या भागांतून आलेली ही माणसं मशीद बंदर-डोंगरीच्या आसपासच राहत. एकेका खोलीत गावचे वीस-पंचवीसजण, रात्रपाळीवाले दिवसा झोपणार आणि दिवसपाळीवाले रात्री. बाजार गेला तर त्यांनी कुठे जायचं? अण्णासाहेब पाटलांनी उभ्या केलेल्या माथाडी चळवळीमुळे १९६९ मध्ये कायदा आला होता, म्हणून या प्रश्नाला निदान तोंड तरी होतं. या कायद्याची रचना मला नेहमीच विलक्षण वाटत आली आहे. हमाल कुणा एका मालकाचा नोकर नाही, पण बेवारसही नाही. गाळेवाला मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही माथाडी मंडळाकडे भरतो, मंडळ त्यातून पगार, भविष्य निर्वाह निधी, बोनस, रजा बघतं. टोळी ठरलेली, मुकादम ठरलेला, कुठल्या गाळ्यावर कोणती टोळी तेही ठरलेलं. रोजंदारीच्या कामाला इतकी शिस्तशीर चौकट देणारी दुसरी गोष्ट महाराष्ट्राने फारशी केलेली नाही. दोष त्यात आहेत, टोळीतली जागा वारशासारखी बापाकडून मुलाकडे जाते, नावापुरते माथाडी म्हणून वसुली करणारेही आहेत. तरी ज्या राज्यांत हमाल अजून गाडीमागे धावत मजुरी ठरवतो, तिथला बाजार पाहिला की फरक कळतो.

बाजारामागोमाग माथाडी खाडी ओलांडून आले. कोपरखैरणे, घणसोली, नेरूळकडे त्यांच्या वसाहती झाल्या. कोपरखैरण्याच्या गल्ल्यांतून फिरताना एकेका इमारतीत अर्धा तालुका भेटतो. मे महिन्यात या गल्ल्या ओस पडतात, कारण सगळे जत्रेला गावी. आणि ज्या दिवशी गावी मोठी जत्रा असते त्या दिवशी बाजारात गाड्या उतरायला वेळ लागतो, हेही आडते सांगतात.

गाड्यांचा पूल, माणसांचा पूल

१९६५ मध्ये 'मार्ग' या नियतकालिकात तीन तरुण वास्तुविशारद-अभियंत्यांनी एक कल्पना मांडली. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल. मुंबई उत्तरेकडे लांबत चालली आहे, तिला पूर्वेला खाडीपलीकडे वळवा, तिथे दुसरं शहर वसवा, सरकारी कचेऱ्या तिकडे न्या म्हणजे माणसं आपोआप जातील, असा तो विचार. १९७० च्या मार्चमध्ये ही नवी मुंबई वसवायला सिडको स्थापन झाली. तीन वर्षांत पूलही झाला. कागदावर सगळं जुळून आलं.

पण मंत्रालय हललं नाही. उलट त्याच दशकात बॅकबेला भराव घालून नरिमन पॉइंटच्या इमारती उभ्या राहिल्या, म्हणजे सरकारने एका हाताने माणसं खाडीपलीकडे बोलावली आणि दुसऱ्या हाताने नोकऱ्या समुद्रात भर घालून दक्षिणेलाच ठेवल्या. माझ्या मते नवी मुंबईच्या पुढच्या सगळ्या कहाणीची किल्ली इथे आहे. नियोजनकारांना हवं होतं मुंबईला तोडीस तोड असं शहर. पूल बांधला गेला, मंत्रालय आलं नाही, आणि पुलाने जे करायचं ते केलं: मालाला वाट दिली.

माणसं तेव्हा यायला तयार नव्हती. ऐंशीच्या दशकात वाशीत घर घेतलेले एक निवृत्त बँक कर्मचारी सांगत होते, सोडतीत नंबर लागला म्हणून नातेवाइकांनी अभिनंदन नव्हे, सांत्वन केलं. बस चुकली की पुढची कधी येईल त्याचा नेम नाही. लोकल फक्त मानखुर्दपर्यंत. संध्याकाळी पुलावर एखादा ट्रक बंद पडला की घरी रात्र. बाई माणसाने एकटीने यायचं तर कुणीतरी स्टॉपवर घ्यायला जायचं. भाजी मात्र ताजी आणि स्वस्त मिळायची, ते त्यांनी दोनदा सांगितलं.

९ मे १९९२ ला वाशीपर्यंत लोकल आली आणि चित्र बदललं. रस्त्याचा पूल झाल्यावर एकोणीस वर्षांनी. त्याच वर्षी १ जानेवारीला नवी मुंबई महानगरपालिका झाली होती. हा योग मला फार बोलका वाटतो. ट्रकांच्या पुलाने वाशीत बाजार आणला, लोकलच्या पुलाने शहर आणलं. घाटकोपरच्या चाळीत राहणाऱ्या कारकुनाला मासिक पास काढून कचेरीत जाता येणार असेल तरच तो वाशीत खोली घेतो. गाडीच्या रस्त्याने त्याला काय फरक पडत होता? त्याच्याकडे गाडी कुठे होती?

रेल्वेचे पैसे कुठून आले तेही पाहण्यासारखं आहे. खर्चाचा ६७ टक्के वाटा सिडकोने उचलला, रेल्वेने ३३ टक्के. सिडकोकडे तरी पैसा कुठला? जमिनीचा. शेतकऱ्यांकडून घेतलेली जमीन विकसित करून विकायची, त्यातून पूल-रस्ते-रेल्वे करायची, त्यामुळे उरलेल्या जमिनीचा भाव वाढणार, ती विकून आणखी रेल्वे. वर नवी मुंबईच्या प्रवाशाने तिकिटावर जादा अधिभार बरीच वर्षं भरला तो वेगळाच. स्टेशनांच्या डोक्यावर कचेऱ्यांच्या इमारती उभ्या राहिल्या त्याही याच हिशेबातून. वाशीचं स्टेशन रेल्वेचं कमी आणि एखाद्या कंपनीचं मुख्यालय जास्त वाटतं, ते उगाच नाही.

पुढे बेलापूर, पनवेल, मग ठाण्याहून वाशीला ट्रान्स-हार्बर. ऐरोली-महापे पट्ट्यात माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या आल्या आणि सकाळची गर्दी दोन्ही दिशांना होऊ लागली. पासष्टच्या त्या लेखातली कल्पना थोडीफार खरी झाली म्हणायची, पण उशिरा आणि मंत्रालयाविना.

पहिल्या रस्ता पुलाची तब्येत मात्र लवकरच ढासळली. प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटमध्ये पोलादाच्या तारा ताणून बसवलेल्या असतात, पुलाचा सगळा जीव त्या ताणात. खाडीच्या खाऱ्या हवेने या तारांना गंज चढला. बाहेरून काँक्रीट ठीक दिसतं आणि आत तार सुटत असते, हा या बांधणीतला सर्वांत वाईट रोग. पाव शतकाच्या आत शेजारी दुसरा पूल बांधावा लागला तो यामुळेही, आणि पहिल्याला न झेपणाऱ्या वाहतुकीमुळेही.

लगेजचा डबा

पहाटेच्या हार्बर लोकलचा लगेज डबा ज्यांनी पाहिला नाही त्यांना पुलाचा अर्धा व्यापार दिसलेला नाही. टेम्पोत वाटा घेण्याइतकाही माल ज्यांचा नसतो, त्या बायका इथे असतात. गोवंडी, मानखुर्द, चुनाभट्टीच्या रस्त्यांवर पथारी टाकणाऱ्या. दोन बोचकी मिरची-लिंबू-आलं, एक गोण भेंडी, डोक्यावरून उतरवून दाराशी ठेवायची आणि तिच्यावरच बसायचं.

वाशी सोडलं की मानखुर्द येईपर्यंत मध्ये स्टेशन नाही. हार्बरवरचं हे सर्वांत लांब अंतर असावं. ती मिनिटं वाया जात नाहीत. एकीने गोण सोडून भेंडी निवडायला घेतली: कोवळी एका पिशवीत, जून दुसऱ्यात. कोवळी पाव किलोच्या भावाने, जून संध्याकाळी ढिगाने. दुसरी लिंबं पुसून मोजत होती. तिसरीने वाशीत शंभर रुपये जास्त गेले म्हणून आडत्याच्या माणसाचा उद्धार चालवला होता. "मावशी, उद्या माझ्याबरोबर चला, मी देते घेऊन," असं चौथी म्हणाली, आणि मग कोणत्या गाळ्यावर कोण बरा यावर चर्चा रंगली. मानखुर्द आलं तेव्हा भेंडी निवडून झाली होती. उतरायला वीस-तीस सेकंद मिळतात. बोचकं आधी फेकायचं, मग आपण, आणि आतली बाई दुसरं बोचकं लोटणार. कुणी कुणाला सांगत नाही.

रविवारी मेगाब्लॉक असतो तेव्हा या बायकांचा दिवस जातो. बसमध्ये एवढा माल घेत नाहीत, रिक्षा परवडत नाही. शहराच्या वेळापत्रकात रविवार सुट्टीचा म्हणून दुरुस्तीला घेतात. भाजीवालीचा सर्वांत जास्त धंद्याचा दिवस तोच असतो.

पुलाखाली

वाशीगावच्या जेट्टीवरून पूल खालून दिसतो. वरच्या गाड्या दिसत नाहीत, फक्त सांध्यांवरून चाकं गेल्याचा खट-खट आवाज येतो. इथे आगरी-कोळ्यांची घरं पुलाच्या किती तरी आधीपासूनची. खाडी, मिठागरं, थोडी भातशेती, एवढ्यावर संसार होते.

९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घेतली गेली. मिळालेला मोबदला आणि नंतर सिडकोने ती विकली तो भाव यांतलं अंतर इथल्या प्रत्येक घरात सांगितलं जातं. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरणच्या बाजूला आंदोलन पेटलं, १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई-दास्तान फाट्याच्या परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. त्या लढ्याने विकसित भूखंडांची 'साडेबारा टक्के' योजना मिळवून दिली. आज गावठाणात शिरलं की चार-चार मजली इमारती एकमेकींना खेटून उभ्या दिसतात. 'गरजेपोटी बांधलेली' असा त्यांचा उल्लेख होतो, सरकारी कागदांतसुद्धा. कुटुंब वाढलं, जमीन गेली, मग उरलेल्या तुकड्यावर मजले चढवले आणि खोल्या भाड्याने दिल्या. त्यात राहतं कोण? बाजारातले हमाल, टेम्पोचे ड्रायव्हर, कॉल सेंटरची पोरं. पुलाने आणलेली माणसं पुलाने विस्थापित केलेल्यांच्या खोल्यांत भाडं भरतात.

मासेमारी संपलेली नाही. चिंबोऱ्या, निवट्या, बोईटं, कधी नशिबाने जिताडा. जाळं टाकणारे एक काका नव्या पुलाच्या खांबांकडे बोट दाखवून सांगत होते, खांब रोवले की पाण्याची धार बदलते, गाळ भलतीकडे बसतो, होडीची वाट बुजते. तिसऱ्या पुलाच्या कामावरून इथल्या मच्छीमारांची सहकारी संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांच्या परंपरागत उपजीविकेचा हक्क मानला आणि भरपाईची प्रक्रिया लावून दिली. खाडीत मासे धरणाऱ्याकडे पाण्याचा सातबारा नसतो, म्हणून या निकालाचं महत्त्व मोठं.

पुलावरून येणारी आणखी एक गोष्ट म्हणजे निर्माल्य. गाडी किंवा लोकल खाडीवर आली की हात बाहेर येतो आणि प्लास्टिकच्या पिशवीसकट फुलं पाण्यात जातात. जाळ्या लावल्या तरी वरून फेकणारे आहेतच. काकांच्या जाळ्यात त्या दिवशी माशांपेक्षा पिशव्या जास्त होत्या, त्या ते न बोलता एकेक सोडवत होते. आणि याच खाडीला फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून २०१५ मध्ये दर्जा मिळाला, २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या यादीत तिचं नाव गेलं. हिवाळ्यानंतर पुलाच्या दोन्ही बाजूंना गुलाबी पट्टे दिसतात. गाड्या हळू होतात, मोबाइल बाहेर येतात, मागचा हॉर्न वाजवतो.

नाका

मुंबईत रस्त्याने शिरायच्या पाच टोलनाक्यांपैकी एक वाशीचा. शहरातल्या उड्डाणपुलांचा खर्च वसूल करायला हे नाके बसले आणि वीसेक वर्षं मुंबईत शिरण्याचं भाडं झाले. शेवटी शेवटी कारला ४५ रुपये पडत. १४ ऑक्टोबर २०२४ ला, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, राज्य सरकारने हलक्या वाहनांना टोल माफ केला. अवजड गाड्या अजूनही भरतात. कारवाल्याला सूट आणि ट्रकवाल्याला टोल, म्हणजे ट्रकच्या भाड्यातून तो शेवटी जेवणाऱ्यावरच येतो. यावर फारशी चर्चा झाली नाही, कारण बातम्या बघणारा कारमध्ये असतो.

पूल अडवला की मुंबई अडते, हे राजकारण्यांनाही पक्कं ठाऊक आहे. २०२४च्या जानेवारीत मनोज जरांगे पाटलांचा मराठा आरक्षणाचा मोर्चा आला तो वाशीत थांबला. बाजार समितीच्या आवारात आंदोलकांचा मुक्काम होता आणि आंदोलकांना पुलापलीकडे जाऊ द्यायचं की इथेच मागण्या मान्य करायच्या, यावर रात्रभर खल चालला. २७ तारखेला तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे स्वतः वाशीत आले. पुढच्या वर्षी ऑगस्टअखेर मात्र आंदोलक थेट आझाद मैदानात पोचले. दोन्ही वेळा आडत्यांचा प्रश्न एकच होता: उद्या गाड्या निघतील का?

तिसरा पूल, आणि लांबचा सेतू

तिसऱ्या पुलाची पुण्याकडे जाणारी भुजा २०२४च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली, मुंबईकडे येणारी त्यानंतर. पुलावरची कोंडी खरंच कमी झाली. ती गेली कुठे म्हणाल, तर मानखुर्दच्या चौकात आणि तिथून चेंबूर-सायनकडे. पाण्यावर पदर वाढवता येतात, झोपडपट्टी आणि रेल्वेरूळ यांच्या मधल्या रस्त्यावर कुठून वाढवणार?

अटल सेतूने वाशीच्या पुलावरचा भार हलका होईल, असं १२ जानेवारी २०२४ ला त्याचं उद्घाटन झालं तेव्हा बोललं गेलं. २१.८ किलोमीटर, त्यातला सुमारे साडेसोळा समुद्रावर. अभियांत्रिकी म्हणून थक्क करणारं काम आहे. पण कारला एका फेरीचे २५० रुपये पडतात, आणि दुचाकी-रिक्षाला त्यावर प्रवेशच नाही. मुख्य म्हणजे त्यावर रेल्वे नाही. एकेकाळच्या आराखड्यांत तिचा विचार होता, प्रत्यक्षात ती वगळली गेली. १९७३ ला वाशीला जे झालं तेच पुन्हा: आधी गाड्यांचा पूल, माणसांचा नंतर कधीतरी. सेतूच्या पलीकडच्या टोकाजवळ, उलव्याला, जमिनीचे भाव चढले आहेत, जाहिरातींमध्ये सेतूचा फोटो असतो. तिथे घर घेणाऱ्या ज्याच्याकडे गाडी नाही त्याने पलीकडे कसं जायचं, याचं उत्तर जाहिरातीत नाही. आणि लगेजच्या डब्यातल्या भेंडीचं तर नावच नको.

नियमित वाशी-दादर खेप मारणाऱ्या एका टेम्पोवाल्याला मी विचारलं, नवा पूल झाल्यावर तुम्हाला काय फरक पडला? त्याने आधी सुतळी ओढून घट्ट केली. पूर्वी चारला निघायचो, आता साडेचारला निघालो तरी चालतं, म्हणाला. मग अर्धा तास झोप मिळते का? नाही, तेवढ्या वेळात दोन नग जास्त भरून घेतो. सायनला उशीर झाला तर दादरवाले शिव्या घालतात, तेवढं सोडलं तर बरं चाललंय. कार फुकट झाल्यापासून सातनंतर मात्र येऊच नये, असं सांगून त्याने फाळका लावला. आतून कुणीतरी विचारलं, निळ्या सुतळीची गोण घेतली ना?